तीन गेटं आणि एक लॉगिन

आमच्या कंपनीतल्या निम्म्या लोकांनी माझ्या चेहऱ्याआधी माझे पाय पाहिलेत. कोणाचा संगणक बंद पडला की मी टेबलाखाली शिरायचे. वायर हलवून बघायची, डबा उघडायचा, पंख्यात साठलेली धूळ काढायची, आणि हे चालू असताना वरून आवाज यायचा, "मॅडम, झालं का? मला मेल पाठवायचाय." मेल पाठवणारे खुर्चीवर आणि मी त्यांच्या चपलांशेजारी. माझ्या हुद्द्याचं नाव डेस्कटॉप सपोर्ट. ओढणी बॅगेत कोंबून कामाला लागायची सवय मला तिथे लागली, आणि उजव्या गुडघ्याचं दुखणंही तिथलंच.

कारखाना कोलशेतला, रंग बनवण्याचा. माझं माहेर राजापूरकडचं, सासर साताऱ्याकडचं, पण मी स्वतः पक्की डोंबिवलीची. कोणी "जरा थांबा" म्हटलं की माझं डोकं आधी तापतं आणि मग विचार करतं. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जे घडलं त्यात माझ्या हुशारीपेक्षा माझ्या रागाचा वाटा मोठा आहे.

एका सकाळी आमच्या आयटी विभागाच्या प्रमुखांनी, म्हणजे साहेबांनी, सगळ्यांना बसवून नवीन व्यवस्था समजावली. आता टेबलाखाली संगणक राहणार नाहीत. टेबलावर एक छोटा डबा येणार, पाठ्यपुस्तकाएवढा. सगळे प्रोग्रॅम चालणार वरच्या मजल्यावरच्या सर्व्हरवर, आणि लोकांना आपापल्या पडद्यावर दिसणार ते फक्त त्याचं चित्र. एका जागी दुरुस्ती केली की सगळीकडे दुरुस्ती झाली. साहेब माझ्याकडे बघून म्हणाले, "तुमच्या गुडघ्यांची सुटका झाली, मॅडम." सगळे हसले. मीही हसले, कारण बोलणं छान होतं.

मग त्यांनी पुढचं सांगितलं. ही व्यवस्था उभी करायला आणि सांभाळायला दोन तरुण इंजिनिअर शिकायला जाणार होते, ठाण्यातल्या एका हॉटेलात, दुपारच्या जेवणासकट. व्यवस्था सुरू झाली की मला हेल्पडेस्कच्या फोनवर बसायचं होतं.

"तुमचा आवाज चांगला आहे," साहेब म्हणाले.

"मलाही शिकायचंय," मी म्हटलं.

"मॅडम, हे सगळं वेगळं आहे. सर्व्हर, नेटवर्क, लायसन्स... आता या वयात कशाला डोक्याला ताप?"

"पण मला शिकायचंय."

"मग शिका ना," ते कागद आवरत म्हणाले. "कोणी अडवलंय?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. नाही म्हणाले असते तर भांडता आलं असतं. हे 'कोणी अडवलंय' म्हणजे दार उघडं ठेवायचं आणि जिना काढून न्यायचा. मी त्याच संध्याकाळी ठरवलं की शिकायचं, आणि ह्यांच्या नाकावर टिच्चून शिकायचं.

कंपनीची बस डोंबिवलीहून शीळफाट्यावरून ठाण्याला जाते. शीळफाट्याला कंटेनरवाले, डंपरवाले आणि रिक्षावाले असे काही एकमेकांत गुंततात की बस हलत नाही. बाकीचे तिथे झोपायचे किंवा पालिकेला शिव्या द्यायचे. मी कानात इअरफोन घालून फोनवर धडे बघायचे. सर्व्हर कसा मांडायचा, त्यावर प्रोग्रॅम कसे ठेवायचे, कोणाला कोणता दिसू द्यायचा. पहिले कितीतरी दिवस मला काही कळत नव्हतं. शिकवणारा तिकडे भराभर बोलायचा आणि इकडे मी तेच वाक्य पुन्हा पुन्हा ऐकायचे. पण कोंडी आपल्या जागी ठाम होती आणि मीही. अख्ख्या कल्याण-डोंबिवलीत शीळफाट्याला शिव्या न देणारी बहुधा मी एकटीच असेन.

ऐकून पोहता येत नाही, पाण्यात पडावं लागतं. मला सर्व्हर हवा होता. शहाडला एका भंगाराच्या गोदामात मोठ्या कंपन्यांनी टाकून दिलेले सर्व्हर मिळतात असं कळलं. एका रविवारी मी आणि नवरा तिथे गेलो. गोदामवाल्याने आधी नवऱ्याला माहिती द्यायला सुरुवात केली. नवऱ्याने माझ्याकडे बोट दाखवलं. मग त्याने मला विचारलं, "ताई, हे कशासाठी पाहिजे? लोखंड म्हणून की चालवायला?" मी म्हटलं, चालवायला. त्याने मागून त्यातल्या त्यात बरा एक ओढून काढला. रिक्षात तो आमच्या दोघांच्या मांडीवर आडवा बसला आणि आम्ही घरी आलो.

आमचं घर एका बेडरूमचं. सर्व्हर ठेवायला जागा शोधता शोधता शेवटी एकच मिळाली, जेवणाच्या टेबलाखाली. नवरा म्हणाला, "तुझं नशीबच टेबलाखाली आहे." बटण दाबलं आणि त्याचे पंखे असे काही सुरू झाले की स्वयंपाकघरातून मारलेली हाक बाहेर ऐकू येईना. दुसऱ्या रविवारी सोसायटीचे सेक्रेटरी दारात.

"वहिनी, खालून तक्रार आलीय. घरात गिरणी टाकलीत का?"

"गिरणी नाही, अभ्यास आहे."

"एवढा आवाज करणारा अभ्यास?"

"खालच्यांचं ड्रिल मशीन गणपतीपासून चालू आहे. ते थांबलं की माझा अभ्यास थांबवते."

ते गेले. ड्रिल थांबलं नाही आणि मीही थांबले नाही.

त्या यंत्रावर मी काय केलं ते थोडक्यात सांगते. घरोघरी चूल मांडण्याऐवजी एकाच स्वयंपाकघरात रांधायचं आणि ताटं घरोघरी पोचवायची, अशी ही सगळी कल्पना आहे. आधी एक नमुन्याचं यंत्र तयार करायचं, त्यात लागणारे सगळे प्रोग्रॅम नीट बसवायचे, आणि मग त्याच्याच हव्या तेवढ्या प्रती काढायच्या. नमुन्यात मीठ जास्त पडलं तर सगळ्यांच्या ताटात खारट. माझा नमुना बरेच रविवार खारट निघाला. कधी प्रोग्रॅम दिसायचा पण उघडायचा नाही. कधी उघडायचा आणि दुसऱ्या दिवशी गायब. एकदा मीच माझी आत येण्याची परवानगी काढून टाकली आणि माझ्याच सर्व्हरच्या दारात ताटकळत बसले.

शेवटी एका दुपारी नवऱ्याच्या फोनवर टेबलाखालच्या सर्व्हरमधला पहिला प्रोग्रॅम उघडला. तो फक्त कॅल्क्युलेटर होता. मी फोन त्याच्यासमोर धरला.

"हा माझ्या फोनमध्ये आधीपासून आहे," तो म्हणाला.

"हा तुझ्या फोनमध्ये नाहीये. तो टेबलाखाली चाललाय. तुला फक्त दिसतोय."

त्याने सात गुणिले आठ केलं आणि मग वाकून टेबलाखाली बघितलं. मला इतका आनंद झाला की मी तिथेच खुर्चीत बसून रडले. त्याला वाटलं गुणाकार चुकला.

हॉटेलात शिकून आलेल्या दोघांपैकी एकाला काही महिन्यांतच पुण्यात दुसरी नोकरी मिळाली. शिकायचं आमच्या खर्चाने आणि शिजवायचं दुसऱ्याच्या घरी, ही आयटीतली जुनी रीत. उरलेला एकटा रडकुंडीला आला. तेव्हा मी साहेबांच्या केबिनमध्ये गेले आणि माझ्या लॅपटॉपवरून माझ्या घरचा सर्व्हर उघडून दाखवला. नमुना, त्याच्या प्रती, परवानग्या, सगळं. साहेबांनी लॅपटॉप स्वतःकडे वळवून सगळं बघितलं. मग म्हणाले, "गेटं घ्या तुम्ही."

गेटं म्हणजे कारखान्याची मालाची तीन दारं. रंगाचे ट्रक आणि सॉल्व्हंटचे टँकर तिथून आत-बाहेर होतात, आणि प्रत्येक गाडीला संगणकावरून गेटपास निघतो. ते काम कोणालाच नको होतं, कारण गेटवरची माणसं कोणाचं ऐकत नाहीत अशी त्यांची ख्याती. साहेबांनी अट स्वच्छ सांगितली. गेटांवर नवीन व्यवस्था नीट चालली तर मी या टीममध्ये कायमची. नाही चालली तर फोन आहेच. मी म्हटलं, चालेल.

तिन्ही गेटांचा सुपरवायझर कोलशेत गावातलाच. कारखाना उभा आहे त्या जमिनीचा एक तुकडा त्याच्या आजोबांचा होता, आणि खाडीकडे त्यांची मिठागरं होती. आता त्याच्या इमारतीत भाडेकरू राहतात, तो बुलेटवर येतो, गळ्यात जाड चेन. त्याला या नोकरीची काडीची गरज नाही. "घरी बसून करू काय? बायको कामाला लावते," असं तो सांगायचा. दुसऱ्या आणि तिसऱ्या गेटवर त्याचे चुलतभाऊ.

मी विचारलं, "गेटपासचा प्रोग्रॅम तुमच्यात किती जण वापरता?"

"आमी तिघं भाव."

"म्हणजे प्रत्येक गेटवर एक जण?"

"तसंच धरा, ताई," तो म्हणाला आणि चहा मागवला.

मी तसंच धरलं. त्याचं जुनं लॉगिन होतं, तेच नवीन व्यवस्थेत ठेवलं. भावांची नवीन लॉगिन तयार केली, पासवर्ड चिठ्ठ्यांवर लिहून दिले, तिघांना बसवून सगळं दाखवलं. त्यांनी माना डोलावल्या. धाकटा म्हणाला, "मस्त हाय, ताई." सोमवारी सकाळी सुरू करायचं ठरलं.

सोमवारी शिफ्ट सुरू झाली आणि पाठोपाठ माझा फोन. आधी पहिल्या गेटवरून, मग तिसऱ्या, मग रस्त्यावरच्या ट्रॅफिक हवालदाराचा निरोप की तुमच्या गाड्या नाक्यापर्यंत आल्यात आणि शाळेच्या बस अडकल्यात. मी वरच्या मजल्यावरून खाली धावले. पहिल्या गेटवर सुपरवायझर एका हाताने कीबोर्ड बडवत होता आणि दुसऱ्या हातातल्या फोनवर भावाला ओरडत होता, "अरं, सोर ना माजा कंपूटर!"

"काय झालं?"

"मी नाशिकच्या गाडीचा पास भरतंय, निम्मा झाला की पडदा काला. परत उगडतंय तर तितं टँकरचा नंबर! कोन भरतो हा टँकर?"

टँकर दुसऱ्या गेटवर उभा होता. तिथे गेले तर तिथला भाऊ म्हणत होता की माझ्या पडद्यावर आपोआप नाशिकची गाडी येते, मी पुसतो, ती परत येते. त्याला वाटत होतं मोठा भाऊ मस्करी करतोय. तिसऱ्या गेटच्या प्रिंटरमधून टँकरचा पास बाहेर पडला होता आणि तिथला भाऊ तो हातात धरून टँकर शोधत होता. ड्रायव्हर लोक खाली उतरून तमाशा बघत होते.

मला कारण लगेच कळलं. तिघं एकाच लॉगिनने आत शिरत होते. जुन्या पद्धतीत तीन गेटांवर तीन सुटे संगणक, त्यामुळे एकच लॉगिन तिन्हीकडे उघडलं तरी काही बिघडत नसे. नव्या पद्धतीत माणूस एक तर त्याचं चालू काम एक. तो जिथे लॉगिन करेल तिथे ते काम अर्धवट असेल तसं उचलून जातं, आणि आधीचा पडदा काळा होतो. ही त्या व्यवस्थेतली सगळ्यात चांगली सोय आहे. इथे एकाच माणसाचं काम तीन भाऊ तीन बाजूंनी ओढत होते.

पहिल्या गेटवर परत येऊन मी विचारलं, "तुम्ही तिघांनी एकच लॉगिन टाकलंय?"

"मंग?" सुपरवायझर म्हणाला. "पयल्यापासून तसंच हाय. पासवर माजं नाव असलं की ट्रान्सपोर्टवाला प्रश्न करत नाय. मी नसलो तर भाव काडतो. एकाच घरचं ना."

"आणि मी दिलेल्या चिठ्ठ्या?"

"त्या गनपतीपुडं ठेवल्यात. नवीन काय आयलं की आदी देवापुडं ठेवतो आमी. उद्या मंगलवार. उद्या काडनार व्हतो."

पहिल्या गेटच्या केबिनमध्ये कोपऱ्यात गणपतीचा छोटा देव्हारा होता. तिथे जास्वंदीच्या फुलाखाली माझ्या दोन्ही चिठ्ठ्या होत्या, हळदकुंकू वाहून पासवर्ड वाचता येऊ नये इतक्या लाल झालेल्या. माझ्या कामाचा एवढा मान त्या कंपनीत कोणी कधी केला नव्हता. रागवायचं कोणावर तेच मला कळेना. मी देवाला नमस्कार केला, चिठ्ठ्या उचलल्या, दोघा भावांना तिथे बोलावून नवीन पासवर्ड दिले आणि प्रत्येकाला आपापल्या नावाने बसवलं. जेवणाच्या सुट्टीपर्यंत रस्ता मोकळा झाला.

दुपारी साहेबांनी बोलावलं. गाड्या का अडल्या याचा रिपोर्ट मुख्य कार्यालयाला जायचा होता. साहेब खूश दिसत होते, आणि तेच मला आधी खटकलं.

"आपली व्यवस्था बरोबर आहे," ते म्हणाले. "पासवर्ड वाटून वापरणं हा शिस्तभंग आहे. तुम्ही रिपोर्टमध्ये एवढी एक ओळ लिहा, त्यावरून सुपरवायझरला मेमो निघेल. व्यवस्था पास, तुम्ही टीममध्ये. अभिनंदन."

"त्यांनी काही लपवलं नव्हतं, साहेब."

"मॅडम, नियम म्हणजे नियम."

"मी किती जण ते विचारलं, कसं वापरता ते विचारलं नाही. विचारायला पाहिजे असं आपल्या कुठल्याच कागदात नाही. कारण हे आहे. आज वापरणाऱ्यांची चूक म्हणून लिहिलं, तर उद्या गोदामात हेच होईल, परवा लॅबमध्ये. तिथेही सगळे एकमेकांचं लॉगिन वापरतात. कंपनीत कोणाला माहीत नाही?"

साहेबांचा चेहरा बदलला. "तुम्हाला टीममध्ये यायचंय ना?"

"यायचंय."

"मग लिहा."

"खोटं कारण लिहिणार नाही."

ते खुर्चीत मागे रेलले. "ठीक आहे. रिपोर्ट लिहून होईपर्यंत हेल्पडेस्कला बसा. लिहिलात की वर या. तुमचाच रिपोर्ट आहे, दुसरा कोणी लिहिणार नाही."

अशी मी शेवटी त्या फोनवर येऊन बसले. तळमजल्यावर, जिन्याखाली, एक टेबल, एक फोन, आणि नवीन व्यवस्थेचा तो पाठ्यपुस्तकाएवढा डबा. झाडूवाल्या मावशींचा झाडू रोज त्या डब्याच्या वायरला लागायचा, वायर सैल व्हायची आणि पडदा काळा व्हायचा. मग मी खाली वाकून ती आत दाबायची. साहेबांना वाटलं असेल, बाई आपल्या जागी परत गेली.

एक गोष्ट मात्र साहेब विसरले. ही सगळी व्यवस्था ज्या पडद्यावरून सांभाळायची, तो पडदाही सर्व्हरवरच असतो. माझी परवानगी काढून घ्यायची त्यांना आठवण झाली नाही, किंवा कशी काढायची ते माहीत नव्हतं. पहिल्याच दिवशी मी जिन्याखालून लॉगिन केलं आणि तिन्ही गेटं माझ्यासमोर उघडली. कोण आत आहे, कोणाचं काम अडकलंय, कुठला प्रिंटर रुसलाय, सगळं. उंटावरून शेळ्या हाकतात असं लोक म्हणतात. मी जिन्याखालून हाकत होते, आणि शेळ्या व्यवस्थित चालत होत्या. त्या टेबलावरून मी नमुना सुधारला, प्रिंटर गेटाप्रमाणे बांधून टाकले, आणि मोठ्या भावाच्या नावाचा शिक्का तिघांच्याही पासवर येईल अशी सोय केली, म्हणजे ट्रान्सपोर्टवाल्यांची कुरकुर नको. उरलेला तरुण इंजिनिअर अडला की जिना उतरून माझ्याकडे यायचा. मी फोन उचलता उचलता त्याला सांगायचे.

गेटांवर तर निराळीच मजा झाली होती. सुपरवायझर पहिल्या गेटवर पास अर्धा भरायचा, मुद्दाम उठून दुसऱ्या गेटवर चालत जायचा, तिथे लॉगिन करून उरलेला अर्धा भरायचा. ड्रायव्हरांना सांगायचा, "बगा, माजा कंपूटर माज्यामागं येतो."

पण मेमोची गोष्ट त्याच्या कानावर गेली होती. एक दिवस तो जिन्याखाली आला आणि बसायला खुर्ची नव्हती म्हणून उभाच राहिला.

"लिवून टाका, ताई," तो म्हणाला. "माज्यासाठी तुमी हितं कशाला बसायचं? मना काय फरक परतो? एक कागद देतील."

"खरंच फरक पडत नाही?"

तो चेनशी चाळा करू लागला. "माजा बाप अजून हाय. रोज इचारतो, कंपनीत आपला मान हाय ना? जमीन दिली तवा सायेब लोकांनी त्याला तेच सांगितलेलं." मग एकदम हसला. "म्हातारा हाय. त्याला कोन सांगनार मेमो म्हंजे काय."

"नाही लिहिणार," मी म्हटलं. "तुम्ही सांगितलंत तरी नाही."

घरी नवराही म्हणाला, एक ओळ लिहून टाक, तुझं काय जातं? मी त्याला विचारलं, रविवारचे रविवार मी त्या टेबलाखाली कशासाठी घातले? चुकीचं कारण लिहिलं की दुरुस्तीही चुकीची होते, हे पहिल्या धड्यातलं आहे. पण खरं सांगायचं तर मला भीती वाटत होती. महिने चालले होते. वरची खुर्ची रिकामी होती आणि मला ती हवी होती. मला तिचा लोभ होता, हे कशाला नाकारू? रोज सकाळी रिपोर्टची कोरी पाटी उघडायची, 'कारण' या शब्दापाशी थांबायचं आणि फोन उचलायचा.

मग एका सकाळी जिन्यावरून धावत पावलं आली आणि साहेब माझ्यापुढे उभे. वर मुख्य कार्यालयाचे लोक बसले होते आणि साहेबांचा पडदा सादरीकरणाच्या मध्येच काळा झाला होता. पुन्हा उघडला तर त्यावर कोणाच्या तरी रजेचा अर्ज. पुन्हा काळा.

"सर्व्हर पडलाय का?" ते धापा टाकत म्हणाले.

"नाही," मी म्हटलं आणि पडद्यावर बघितलं. "तुमचं काम दोन जागांहून ओढलं जातंय. एक मीटिंग रूम. दुसरी तुमच्या सेक्रेटरीचं टेबल."

त्यांनी वाकून माझ्या पडद्यावर बघितलं.

"साहेब, तुमचा पासवर्ड कोणाला दिलाय का?" हा प्रश्न हेल्पडेस्कवर सगळ्यांनाच विचारायचा असतो. मी नेहमीच्या आवाजात विचारला. माझा आवाज चांगला आहे, असं त्यांनीच सांगितलेलं.

"अहो, ते रजा मंजूर करायला... माझ्याच सांगण्यावरून करते ती. कित्येक वर्षं तसंच आहे."

"गेटवरही कित्येक वर्षं तसंच होतं. आणि मोठ्या भावाच्या सांगण्यावरूनच."

आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, हे मी तोंडाने म्हटलं नाही. माझ्या चेहऱ्यावर ते लिहिलेलं असणार, कारण साहेबांनी नजर फिरवली. मी सेक्रेटरीचं ओढणं थांबवलं आणि सांगितलं, वर जा, तुम्ही जिथे थांबला होतात तिथूनच उघडेल. ते गेले.

मीटिंग संपल्यावर ते परत आले. या वेळी चालत.

"तो रिपोर्ट," ते म्हणाले. "तुम्हाला जे कारण लिहायचंय ते लिहा."

"आणि मेमो?"

"कसला मेमो?"

मी तिथेच लिहायला घेतलं. 'कारण: लोक काम कसं करतात हे न विचारता आम्ही त्यांना व्यवस्था दिली. पुढे कुठेही व्यवस्था देण्याआधी एक दिवस तिथे बसून बघावं.' ते माझ्या खांद्यावरून वाचत होते. एवढ्यात मावशींचा झाडू जिन्याखाली आला, वायरला लागला आणि पडदा काळा झाला.

साहेब माझ्याकडे बघत राहिले. मावशीही बघत राहिल्या. मी वाकेन अशी दोघांचीही खात्री होती, आणि खरं तर माझा हात सवयीने टेबलाच्या कडेला गेलाही होता. मी तो मागे घेतला आणि खुर्चीत नीट टेकून बसले.

"निळी वायर आहे, साहेब. भिंतीकडची. जरा आत दाबा."

त्यांनी आजूबाजूला पाहिलं. मग टाय शर्टात खोचला, गुडघे टेकले आणि टेबलाखाली शिरले. बाहेर फक्त त्यांचे बूट उरले.

"ही का?"

"अजून थोडी आत."

पडदा उजळला. माझा रिपोर्ट जसाच्या तसा समोर होता, एक अक्षर हललं नव्हतं. ते खालीच असताना मी पाठवण्याचं बटण दाबलं.

"झालं का, मॅडम?" टेबलाखालून आवाज आला.

"झालं," मी म्हटलं.